उजवीकडचा ढीग

माझा मामा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. आता तो नोकरीत कायम आहे, दारावर त्याच्या नावाची पाटी आहे आणि लोक त्याला चांगला मास्तर म्हणतात. म्हणोत बापडे. तो खरोखर चांगला मास्तर होता ते वर्ष मी पाहिलंय, म्हणून हे सांगायला बसले.

तेव्हा तो आमच्याकडे राहायचा, आतल्या खोलीत. आईचा धाकटा भाऊ, लग्न नाही, नोकरी तात्पुरती. दर सुट्टीला नोकरी संपायची आणि कॉलेज उघडायच्या तोंडावर, बोलावणं आलं तर, पुन्हा सुरू व्हायची. मधले दिवस तो फोनजवळून हलायचा नाही. अंघोळीला गेला तरी दार किलकिलं ठेवायचा. आई म्हणायची, "अरे, लाव ते दार! फोन वाजला तर मी काय बहिरी आहे?" पण त्याला तेवढीही जोखीम नको असायची.

कायम मास्तरांना नको असलेलं काम नेहमी तात्पुरत्याच्या गळ्यात पडतं. मामाच्या गळ्यात नापासांची बॅच पडली. तिच्यात मीही होते. घरात संख्याशास्त्राचा मास्तर आणि भाची त्याच विषयात आडवी, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पहिल्या खेपेला मला शिकवायला आमचे विभागप्रमुख होते. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. ते तासभर फळ्याशी बोलायचे, आणि फळा काही कधी नापास झाला नाही.

नापासांचा वर्ग संध्याकाळी, तळघरातल्या खोलीत भरायचा. मोडकी बाकं तिथंच टाकलेली असत, त्यामुळे बसायच्या आधी प्रत्येकजण बाक हलवून बघायचा. आमच्यात निम्मे नोकरी करणारे होते. एकजण पावाच्या भट्टीवर कामाला होता, त्याला पाववालाच म्हणत. आणि एक मावशी होती, मामापेक्षाही वयानं मोठी. हॉस्पिटलात केसपेपर काढायच्या खिडकीवर तिचं आयुष्य गेलं होतं. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी तिच्या डोक्यावर साहेब होऊन बसल्या, कारण त्यांच्याकडे पदवी होती आणि मावशीचा हा एक पेपर राहिला होता. आता तिच्या विभागाची मुख्य निवृत्त होणार होती. पेपर निघाला तर खुर्ची मावशीची, नाहीतर पुन्हा कानामागून आलेल्या कुणाची तरी.

पहिल्याच दिवशी मामानं सगळ्यांचे कॅल्क्युलेटर पिशवीत ठेवायला लावले. "आकडेमोड मागाहून. आधी ओळखा." त्यानं जाड कागदाची कार्डं कापून आणली होती, प्रत्येकावर एक उदाहरण. उत्तर काढायचं नाही, फक्त ते कुठल्या वितरणाचं, म्हणजे त्यातले आकडे कुठल्या साच्यात बसणारे, ते सांगायचं. आम्हाला सोपं जावं म्हणून त्यानं तिन्ही वितरणांना घरगुती नावं दिली होती. द्विपद म्हणजे नाणं, प्वासाँ म्हणजे फोन आणि प्रसामान्य म्हणजे ढीग.

माझ्या वाट्याला कार्ड आलं: एका टेबलावर तासाला सरासरी चार फोन येतात, तर पुढच्या तासात एकही न येण्याची शक्यता किती?

मी झटक्यात म्हटलं, "नाणं. फोन येतो किंवा येत नाही. दोनच निकाल."

मामाला माझी चूक इतकी आवडली की तो चक्क हसला. "आलेले फोन मोजता येतील?"

"येतील की."

"आता न आलेले मोजून दाखव."

मी मोजायला बोटं पुढे केली आणि पहिल्याच बोटाशी अडले.

"नाण्यात दोन्ही बाजू मोजता येतात. दहा वेळा उडवलं, चारदा छाप, सहादा काटा. जिथं 'झालं नाही' हे मोजताच येत नाही, तिथं नाणं कुठून आणणार?"

"अहो सर, म्हणजे आमच्या अपघात विभागासारखंच झालं," मावशी मागून बोलली. "आलेल्या पेशंटचा केसपेपर निघतो. न आलेल्याचा कोण काढणार?" वर्ग हसला, पण त्या दिवसानंतर प्वासाँ सहसा कुणाचं चुकलं नाही.

मावशीचा जीव मात्र ढिगावर. पाववाल्यानं सांगितलं होतं की पावाचं वजन कधीच तंतोतंत सारखं भरत नाही. पीठ किंचित जास्त पडतं, भट्टी जरा तापलेली असते, हात सैल पडतो. मामा म्हणाला, अशी बारीक बारीक, एकमेकांशी देणंघेणं नसलेली कारणं जमली की कुणी वर ओढतं, कुणी खाली, आणि बहुतेक पाव मधे येऊन बसतात. तोच ढीग. मावशीला हे इतकं पटलं की आठवडाभर ती प्रत्येक कार्डाला ढीग म्हणत होती. मामा म्हणायचा, "मावशी, उद्या लिफ्ट अडकली तरी तुम्ही ढीगच म्हणाल."

कार्डं संपली की नवी यायची. जेवताना, अंथरुणात, बसमध्ये मामा कार्डं लिहीत असायचा. आम्हाला वीट आला, नाकी नऊ आले, पण तो सोडायचा नाही. ज्याचं चुकेल त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसायचा आणि तो स्वतःहून बरोबर सांगेपर्यंत उठायचा नाही. मोठे सर एकदा दारातून डोकावून म्हणाले, "पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार?" मामानं हसून पुढचं कार्ड काढलं. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटायचा. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे वाटलं ते निराळंच.

परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका मोठ्या सरांनीच काढली होती. निकाल लागला तेव्हा आख्खी बॅच पास, आणि काठावर नव्हे. बहुतेक सगळे सत्तरच्या वर. मला ब्याऐंशी, मावशीला अठ्ठ्याहत्तर. ती बोर्डापुढे उभी राहून आपला नंबर बोटानं पुनःपुन्हा शोधत होती, जणू मधेच कुणी पुसून टाकेल.

एवढ्यावर थांबला असता तर माझा मामा वाचला असता. नापासांच्या निकालाकडे कोण बघतं? पण हा संख्याशास्त्राचा माणूस. त्यानं आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी वर्गाच्या गुणांचे स्तंभ काढले आणि विभागाच्या बोर्डावर टाचणीनं लावले. डावीकडे सगळं रिकामं आणि उजवीकडे ढीग. खाली लिहिलं, 'पुनर्परीक्षा बॅच'. आई नंतर म्हणाली ते खरंच होतं: हात दाखवून अवलक्षण.

दोनच दिवसांत चौकशी समिती बसली. भाची म्हणून पहिलं मला बोलावलं. मी जे होतं ते सांगितलं, कार्डांचं, ओळखण्याचं. समितीतल्या एक बाई जांभई दाबत होत्या. मग मामाला आत घेतलं आणि मला जा म्हणायला कुणाला सुचलं नाही, म्हणून मी भिंतीशी उभीच राहिले.

मोठ्या सरांनी तो आलेख टेबलावर ठेवला. "तुम्ही स्वतः काय शिकवता? परीक्षेचे गुण कोणत्या वितरणाचे असतात?"

"साधारणपणे प्रसामान्य, सर."

"मग हे काय आहे? नापासांची बॅच आणि ढीग उजवीकडे? पेपर फुटला असल्याशिवाय असा आकार येतो?"

"सर, प्रसामान्य कधी येतं? लहान लहान, वेगवेगळी कारणं असतील तर. इथं एकच मोठं कारण आहे. सगळ्यांनी सारखा सराव केलाय." एवढ्यावर गप्प बसावं की नाही! पण वर्गाची सवय तोंडात बसलेली. "ओळखण्यात चूक होतेय, सर."

प्रमुखाला चूक होतेय म्हणणं, तेही तात्पुरत्या मास्तरानं, तेही समितीपुढे! जांभईवाल्या बाईंची जांभई थांबली. मोठे सर अगदी शांतपणे म्हणाले, "तर मग पुन्हा परीक्षा घेऊ. तुमचं वितरण खरं असेल तर तसंच येईल."

ऐकायला किती न्याय्य! परीक्षा त्याच आठवड्यात लावली, कामाच्या दिवशी, सकाळी. मावशीची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. तिनं बदलून मागितली, मिळाली नाही. ती रात्रभर खिडकीवर बसून तशीच आली, डोळे लाल, हातात पाण्याची बाटली. पाववाल्याला भट्टीवरून सुटायला उशीर झाला आणि त्याला शेवटी आत घेतलं. एकीचं पोर तापानं फणफणलेलं होतं. वर्गात चार पर्यवेक्षक फिरत होते आणि प्रत्येकजण आमच्याकडे आम्ही चोर असल्यासारखं बघत होता. मला येणारं उदाहरण मी तीनदा खोडलं.

मला छप्पन्न मिळाले. मावशीला एकतीस.

या वेळी आलेख मोठ्या सरांनी काढला, आणि तो पुस्तकातून कापून चिकटवल्यासारखा दिसत होता. मधे फुगलेला, दोन्हीकडे उतरता. "आता कसा वर्गासारखा वर्ग वाटतोय," ते म्हणाले. पहिला निकाल रद्द झाला. अहवाल तयार झाला की पहिली परीक्षा संशयास्पद होती. त्यावर शिकवणाऱ्याची सही हवी होती. सही केली तर मामाचं नाव कायम नेमणुकीसाठी पाठवणार होते. नाही केली तर सुट्टीनंतर फोन येणार नव्हता.

तो घरी आला तेव्हा आईनं विचारलं, "केलीस सही?"

"केली."

"कायम करतील ना पण?"

"करतील."

आईनं सुटकेचा श्वास सोडला आणि चहा टाकला. तिला मी दोष देत नाही. भावाचं आयुष्य फोनजवळ सडताना तिनं पाहिलं होतं. दोष कुणाला द्यायचा ते मला माहीत होतं, आणि तो समोर बूट काढत बसला होता.

"मामा, आम्ही चोरी केली नव्हती."

"माहितेय."

"मग?"

"या वेळचा आलेख खोटा नव्हता गं," तो म्हणाला. "झोप, भीती, उशीर, पोराचा ताप. लहान लहान कारणं, एकमेकांशी संबंध नसलेली. प्रसामान्यच येणार. सरांनी ढीग बरोबर पाडला." हे तो कौतुकानं म्हणत होता. मी चहा तसाच ठेवून उठले.

मावशी एकदा आमच्या दारात आली. आत या म्हटलं तरी आली नाही. "सर, तुम्ही तरी सांगा ना त्यांना, मी बघून नाही लिहिलं. मला येतं. आत्ता विचारा." मामा तिच्या चपलांकडे बघत म्हणाला, "पुढच्या वेळी बघू, मावशी." पुढची वेळ सहा महिन्यांनी होती. खुर्ची महिनाभरात भरली गेली. मावशी पुन्हा परीक्षेला बसली नाही.

पुढे माझं शिक्षण संपलं, मी औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात माल तपासायच्या कामाला लागले, मामानं स्वतःची खोली घेतली. सणासमारंभाला भेटायचो, वरवरचं बोलायचो. त्याच्या वर्गाचे निकाल दरवर्षी चांगले लागायचे. चांगले म्हणजे मोठ्या सरांना आवडतील असे. फुगीर मध्य, दोन्हीकडे उतार. विद्यापीठाच्या बैठकीत नमुना म्हणून दाखवायचे म्हणे.

गेल्या वर्षी आईला दवाखान्यात न्यायचं होतं आणि मामा फोन उचलेना, म्हणून मी कॉलेजात गेले. वर्ग सुरू होता. मी मागच्या दाराशी थांबले. आता तळघर नव्हतं, पंखे होते, बाकं धड होती. कार्डं मात्र तशीच होती. तो रांगांमधून फिरत होता आणि चुकणाऱ्यांच्या शेजारी बसत होता. अगदी पूर्वीसारखं. मला वाटलं, चला, एवढं तरी वाचलं.

माझ्या जवळच्या बाकावर एक मुलगी होती. तिच्या कार्डावर दुकानात तासाला येणाऱ्या गिऱ्हाइकांचं उदाहरण होतं आणि ती द्विपदाचं सूत्र घालत होती. माझीच जुनी चूक. मामा तिच्याजवळ आला, वहीत वाकून पाहिलं. तिनं वर बघितलं. तो काही न बोलता पुढच्या बाकाकडे गेला. तिनं तेच सूत्र पूर्ण केलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

दवाखान्याच्या वाटेवर मी म्हटलं, "मामा, ती मागची मुलगी चुकत होती."

"हो."

"तू पाहिलंस."

"पाहिलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"डावी बाजूही भरावी लागते. सगळेच पास झाले की काय होतं ते तूही बघितलंयस. वीसेक टक्के सोडून द्यावे लागतात."

"आणि कुणाला सोडायचं ते तू ठरवतोस?"

"छे छे!" तो खरोखर दुखावला. रस्त्यातच थांबला. "मी निवडत नाही. तसं केलं तर पक्षपात होईल. वर्षाच्या सुरुवातीला हजेरीच्या नंबरांच्या चिठ्ठ्या टाकतो. प्रत्येकाला सारखी शक्यता. त्यात माझा हात नाही."

हे बोलताना त्याचा चेहरा अगदी प्रामाणिक माणसाचा होता. मला त्याची किळस आली आणि त्याच वेळी रस्त्यात बसून रडावंसं वाटलं. पण आई वाट बघत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्या मुलीचं नाव विचारलं.

तो आठवत राहिला, कपाळाला आठ्या घालून, मनापासून.

"नाव नाही गं माहीत," तो म्हणाला. "सतरा नंबर."