वंशावळीतली धाकटी

त्या पोलिश आजोबांचं नाव मी कधी विचारलं नाही, पण त्यांचे उपकार मोठे आहेत. इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलहून रीडिंगला कामावर जाताना ते रोज ट्रेनमध्ये माझ्यासमोर बसून आपल्या सरदार घराण्याची वंशावळ उलगडायचे. त्यांच्या पणजीची एक बहीण राजघराण्यात दिली होती, तिचे वंशज राजे झाले. आजोबांचं बोट मात्र दुसऱ्याच नावावर थांबायचं.

"ही कोण?" एकदा मी विचारलं.

"त्या दोघींची धाकटी बहीण. आईचं म्हातारपण हिनं काढलं. पुस्तकांत ती राजघराण्यातली सापडते, हिला वंशावळीत मीच लिहिलं."

आमच्या आईचं शेवटचं आजारपण नागपुरात माझ्या धाकट्या बहिणीनं एकटीनं काढलं. व्हिसामुळे येता येत नाही, असं मी खोटंच सांगितलं होतं. त्या दिवशी रीडिंगला उतरताच तिला फोन करून ते कबूल केलं, पहिल्यांदाच तिचे आभार मानले.

"माहीत होतं रे दादा," ती म्हणाली. "आईलाही माहीत होतं. आता तरी ये."