तपासणीच्या दिवशीचं पाणी

आमच्या ॲपमध्ये 'शेरा' नावाचा एक रकाना आहे. त्यात दोन ओळींच्या वर काही मावत नाही. तिसरी ओळ लिहायला घेतली की स्क्रीन लाल होते आणि मी दचकते. त्यामुळे दिवसभरात जे घडतं त्यातल्या दोन ओळी वर जातात आणि बाकीचं सगळं माझ्याकडेच साठत राहतं. मग रविवारी सोलापूरला घरी आले की मैत्रिणींना ऐकवायचं. त्यावर त्या म्हणतात, "काहीतरी रचून सांगतेस तू!" घ्या, तिथंही संशयच!

माझं काम असं. करमाळा-माढ्याच्या उत्तरेला, फाट्यापासून आत-आत गेलं की लहान लहान वस्त्या लागतात. तिथं योजनेतून घरोघरी नळ बसवलेत. ते खरंच बसलेत का आणि त्यांना पाणी येतं का, हे बघायला आमच्या एजन्सीनं मला ठेवलंय. सिव्हिल इंजिनिअर आहे ना मी! घरोघरी फोटो काढायचा आणि शेवटी 'पूर्ण' किंवा 'अपूर्ण'वर बोट ठेवायचं.

पण गोम अशी की, ज्या वस्तीवर 'पूर्ण' पडलं, तिथला टँकर बंद. नळ आलाय म्हटल्यावर टँकर कशाला! त्यामुळे मी जीपमधून उतरले की बायका माझ्या चेहऱ्याकडे बघतच नाहीत, माझ्या बोटाकडे बघतात.

* * *

पहिल्याच आठवड्यात एका वाडीची टाकी बघायला गेले. निळीशार, सुंदर टाकी. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "वर्ष झालं, मॅडम, काम होऊन."

मी शिडी चढायला घेतली. तेवढ्यात वरून कबुतर उडालं. मी किंचाळले आणि दोन्ही हातांनी टाकी धरली.

खाली उतरले तेव्हा दोन्ही तळवे निळे!

आमचे ड्रायव्हर पोपटमामा, केमचे, साठीला आलेले, गंभीर चेहऱ्याचे. त्यांनी रॉकेलचं फडकं आणून दिलं आणि त्या माणसाला अगदी आदरानं विचारलं, "वर्षभर वाळतोच व्हय वो ह्यो रंग?"

* * *

दुसरी एक वाडी. पहिल्या घरी गेले तर नळाला हळद-कुंकू वाहिलेलं. मला भरून आलं. फोटो काढला.

दुसऱ्या घरी माणसं म्हणाली, "चहा घ्या आधी." चहा झाला. नळ बघितला, त्यालाही हळद-कुंकू. तिसऱ्या घरी परत चहा. नळ बघितला, हळद-कुंकू! कुंकवाचा ओघळसुद्धा तसाच, डावीकडे वळलेला.

मग लक्षात आलं की प्रत्येक चहाच्या वेळी एक प्लंबर पान्हा घेऊन परसातून पुढच्या घरी पळतोय.

मी ग्रामसेवकांना म्हटलं, "सगळ्या नळांना एकसारखं कुंकू कसं हो?"

ते जराही न डगमगता म्हणाले, "गाव लई भाविक हाय, मॅडम!"

* * *

पाण्यात क्लोरीन आहे का, हे बघायला आमच्याकडे एक छोटी बाटली असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि त्यात दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, छान आहे.

एका आजोबांच्या अंगणात मी थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. मी खूश!

आजोबा काठी टेकत उठले. "काय टाकलंस गं पान्यात?"

"औषध आहे आजोबा, तपासायचं."

"मग आधी तू पी."

"नाही, हे प्यायचं नसतं..."

"बगा!" आजोबांनी गल्ली गोळा केली. "सोता पीत न्हाय!" माणसं जमली. क्लोरीन म्हणजे काय ते मी सांगायला लागले, तर अर्ध्या लोकांना ते कुणाचं तरी आडनाव वाटलं असावं.

शेवटी पोपटमामांनी मध्यस्थी केली. आजोबा जरा शांत झाले, पण ती नळी काही हातातून सोडेनात. म्हणाले, "आमचं पानी चांगलं पांढरं हुतं. तू पिवळं केलंस. आता पयल्यासारखं करून दे आन् मग जा!"

* * *

एक संशय मात्र मला आतून पोखरत होता. कुठंही जा, लोक आधीच तयार! अंगण झाडलेलं, नळ चालू, चहाला आधण ठेवलेलं. कुणीतरी खबर देतंय. आणि मी कुठं जाणार हे माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक असतं. पोपटमामांना!

एके दिवशी मी ठरवलं. टेंभुर्णी सोडल्यावर ऐन चौकात म्हटलं, "मामा, डावीकडे घ्या. आज वेगळी वाडी." मामांचा फोन मी आधीच चार्जिंगच्या निमित्तानं माझ्याकडे घेतला होता. गुप्तहेरासारखं वाटत होतं अगदी!

वाडीत पोचलो. अंगण झाडलेलं, नळ चालू, आधण ठेवलेलं.

मी रडवेली झाले. "मामा, खरं सांगा. कोण सांगतं ह्यांना?"

मामांनी मला हाताला धरून जीपच्या पुढे नेलं. बॉनेटवर वीतभर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: 'पाणी तपासणी पथक'.

"माळावरनं दोन कोसावरनं दिसतंय," मामा म्हणाले. "आन् तुमी माझा फोन धरून बसला व्हय?"

ते स्टिकर पहिल्या दिवशी मीच चिकटवलं होतं.

* * *

एका घरी ऊन फार होतं, घसा कोरडा पडलेला. मी त्या घरच्या काकूंना म्हटलं, "जरा पाणी देता का?"

काकू आत गेल्या आणि दारातूनच वळल्या. अगदी साधेपणानं विचारलं, "प्यायचं देऊ का तपासायचं?"

* * *

आता टेकाडवस्तीचं.

ही शेवटची वस्ती. हिच्यापुढे रस्ताही नाही. दिवसाआड टँकर यायचा, त्यावरच सगळं चाललेलं. सकाळपासून आमच्या साहेबांचे तीन फोन. "आज 'पूर्ण' करून टाका मॅडम. सगळीकडे खोट काढत बसलात तर पुढच्या महिन्यात तुमच्या रिन्युअलचं मला काही सांगता येणार नाही."

वस्तीच्या अलीकडे ओढ्याजवळ एक बाई रस्त्यात उभी. जीप थांबली. शोभाताई म्हणून होत्या, पस्तिशीच्या.

"ताई, टँकर बंद करू नका," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "नळाला थेंब न्हाय. हिरीवरनं आनायचं म्हटलं तर हा ओढा उतरून जावं लागतं. माजी सासू हितंच पडली, खुब्याचं हाड गेलं. पर मला तितं सगळ्यांम्होरं इचारू नका. सरपंच माजं चुलत दीर लागत्यात. कंत्राट त्येंच्याच मेव्हण्याचं. मला तितं 'न्हाय' म्हनता यायचं न्हाय."

आणि त्या शेतातून आडव्या निघून गेल्या.

वस्तीवर गेले तर नळांना पाणी! मी एकेक नळ सोडत गेले. बादली भरेल एवढी धार. टाकी बघितली, भरलेली. आदल्या दिवशी कशानं भरली, ते कोण सांगणार? सरपंच सोबत होतेच. "दोन वर्षं झाली मॅडम, एक दिवस खाडा न्हाय!" ज्याला विचारावं तो म्हणतो, "रोज येतं की!" म्हाताऱ्या म्हणाल्या, तरण्या म्हणाल्या. पाठ केल्यासारखं.

फोटोत पाणी, जबाबात पाणी. 'अपूर्ण' टाकू कशाच्या जोरावर?

शेवटचं घर शोभाताईंचं. गोठ्याच्या भिंतीलाच लागून नळ. बाजूला काळीभोर म्हैस रवंथ करत उभी. सरपंचांनी स्वतःच विचारलं, "काय गं शोभा, पानी येतं का रोज?"

शोभाताईंनी पदर सावरला. जमिनीकडे बघत म्हणाल्या, "येतं, भावजी."

"बगा!" सरपंच म्हणाले आणि त्यांनी ऐटीत नळ सोडला.

आधी हवा फुसफुसली. मग नळ खोकल्यासारखा दोनदा ठसकला आणि पाणी फाडकन दगडावर आदळलं.

या वेळी मी नाही, म्हैस दचकली. एवढी दचकली की खुंटा उपटून, दावं ओढत, चहाचा ट्रे आणि तो घेऊन आलेला ग्रामसेवक या दोघांना आडवं करून थेट माळावर पळाली!

नळ तसाच वाहत होता. मी सरपंचांकडे बघितलं.

सरपंच हसले. "नवीन हाय म्हैस. परवाच बाजारातनं आनलीया. बुजती अजून."

शोभाताईंनी पहिल्यांदाच मान वर केली. सरपंचांकडे नाही, माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"न्हाय वो, भावजी. ह्याच गोठ्यात जन्मली की. तीनदा व्याली बी हितंच."