लाल रंगात आईला शोधताना

कॉलेजात आमचे सर आधुनिक चित्रकला शिकवायचे तेव्हा अंगावर काटा यायचा. गिरण्या आल्या, शहरं माणसांनी भरली, लढायांनी माणसं पोळली आणि राजेरजवाड्यांच्या तसबिरी रंगवण्यात राम उरला नाही, असं ते सांगायचे. मग इस्त्री करणारी बाई आणि दगड फोडणारा माणूस चित्रात आले. तोडूनमोडून का होईना, पण आले. मला ते मनापासून पटायचं, कारण माझी आई नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठं खुडायची.

पुढे मी नंदुरबारातच शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि सर खूप मोठे चित्रकार झाले. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला, "तुमच्याकडच्या मिरचीवाल्या बायकांवर चित्रं करायचीत." मी हरखले. आईला सांगितलं, आईने पथारीभर केलं.

पथारी म्हणजे उघड्या माळावर नजर पोचेल तिथवर वाळत घातलेली मिरची. तिथे कुणी धड कपड्यांत जात नाही. ठसका लागतो, हात चुरचुरतात, घरी लेकराला घ्यायचं तर आधी तेल चोळावं लागतं. त्या दिवशी मात्र सगळ्या जणी ठेवणीतलं नेसून आल्या. आईने तर चापूनचोपून वेणी घातली होती.

"कोनं लगीन शे आज?" पथारीच्या मालकाने, मिरचीच्या व्यापाऱ्याने, चेष्टा केली.

सर आले. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "या बायकांना जरा बाजूला बसवता येईल का? लाल तुटतोय."

व्यापाऱ्याने लगेच हाकारलं. बाया पदर सावरत उठल्या आणि उभ्या ट्रकच्या सावलीला जाऊन बसल्या. आईला वाटलं, आधी मिरची, मग आपण. सरांनी फोटो काढले, दोन-चार रेघोट्या मारल्या, चहा घेतला आणि गाडीत बसले. मी धावत जाऊन बायकांचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "माणूस आला की गोष्ट येते गं. आधुनिक व्हायचं तर गाळता आलं पाहिजे." ज्याने आम्हाला इस्त्रीवाल्या बाईचं कौतुक ऐकवलं, तोच हा माणूस! बायांना मी म्हटलं, काही खरं नाही. पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. एवढा मोठा माणूस उगाच कशाला येईल, असं त्यांचं म्हणणं.

प्रदर्शनाचं उद्घाटन नंदुरबारातच ठेवलं होतं. आमंत्रणावर छापलं होतं, 'कष्टकरी भगिनींना अर्पण'. मुख्य चित्र भिंतभर लालच लाल आणि त्याचं नाव 'श्रम'. पाहुणे काजू तोंडात टाकत "काय ऊर्जा आहे!" म्हणत होते. एका बिल्डरने तर आपल्या हॉलसाठी असंच एक हवं म्हणून सांगितलं, फक्त सोफ्याला शोभेल एवढं बघा म्हणाला. मला तिथली हवासुद्धा तेलकट वाटायला लागली.

आई पथारीवरच्या मैत्रिणींना घेऊन आली होती. त्या चित्रापुढे उभ्या राहिल्या. शेवटी आईनेच सरांना विचारलं, "भाऊ, यामा आम्ही कोठे शेतस?"

सर गोड हसले. "मावशी, तुम्ही यातच आहात. नीट शोधा."

आजूबाजूचे लोक कौतुकाने हसले. आणि त्या खरंच शोधायला लागल्या. नाक कॅनव्हासला लागेल इतक्या जवळ जाऊन, एका टोकापासून, बोटांनी एकमेकींना जागा दाखवत. सरांनी फोटोग्राफरला हळूच खूण केली.

मी कॅमेऱ्याच्या आड जाऊन उभी राहिले आणि आईचा दंड धरला. "चाल घर. तू नही शे यामा. कोनीच नही शे."

आईने हात सोडवून घेतला.

"थांब ना. तो कोपरा पाहाना बाकी शे आजून."