ऑपरेटरभाऊंचा सिनेमाचा वर्ग

धडा संपला की ऑपरेटरभाऊ माऊस धरायचे, व्हिडिओ ओढत ओढत पार सुरुवातीला नेऊन ठेवायचे आणि मगच खुर्ची मागे सारायचे. म्हणायचे, "रीळ उलटी गुंडाळल्याबिगर ऑपरेटर उठत नसते, बाई."

तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल बघा, ज्याच्या चांगल्या सवयीनंच आपलं डोकं उठतं.

बल्लारपुरातल्या एका टॉकीजमध्ये त्यांनी तीस वर्षं सिनेमा दाखवायची मशीन चालवली. टॉकीज बंद पडली. पुढे पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं कॉम्प्युटरवरून सिनेमा शिकवायचा वर्ग काढला, तेव्हा आम्ही दोघंही साठीला टेकलेलो. मी शाळेत कमी आणि टॉकीजच्या बाकावर जास्त शिकलेली, म्हणून मी गेले. पण ते? नेट कॅफेत शेजारी बसल्यावर विचारलंच.

"तीस वर्षं साऱ्यांची नावं पडद्यावर सोडली," ते म्हणाले. "आपलं कुठीच नाई. नाव छापलेला एक कागद पायजे मले."

ठीक. पण शिकावं की नाही माणसानं? सर पडद्यावरून सावलीचं महत्त्व सांगताहेत, तर हे म्हणणार, "मशीनच्या दिव्यातला कार्बन झिजला असन." सिनेमातल्या मधल्या प्रसंगाबद्दल विचारलं तर, "मले काय माहीत? तवा मी दुसरी रीळ चढवून राह्यलो होतो." हजारो खेळ दाखवले, पण सलग एकही पाहिला नव्हता या माणसानं.

बारा धडे झाले. शेवटचा निबंध दिला की सर्टिफिकेट. माझ्या निबंधाचं पान उघडलं, त्यांचं उघडेना. पाहते तर बाराही धड्यांपुढे लाल अक्षरात 'अपूर्ण'. आपण व्हिडिओ जिथे सोडू तिथपर्यंतच पाहिला, असं ते सॉफ्टवेअर धरत होतं. वर्ग बंद व्हायला तीन दिवस.

"भाऊ, तुमी रोज मागं नेऊन ठेवलं. त्याले वाटते, तुमी पाह्यलंच नाई."

"मंग पुढच्याले अर्ध्यातून दिसन ना."

"पुढचा कोणी नाई. तुमचा धडा फक्त तुमालेच दिसते."

"असा कसा खेळ, एकट्यासाठी?"

तीन दिवस, लाईट जाऊन येऊन, आम्ही बारा धडे पुन्हा पाहिले. प्रत्येक धड्याच्या शेवटी मी त्यांचं मनगट धरून बसायची.

"चोरी केल्यासारखं वाटून राह्यलं, बाई."

"वाटू द्या. हात काढा."

शेवटल्या संध्याकाळी त्यांच्या निबंधाचं पान उघडलं. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. मशीनच्या खिडकीतून पडद्यापेक्षा माणसांची डोकीच जास्त दिसतात आणि कुठल्या रिळीत ती डोकी हलायची थांबतात, एवढंच सांगितलं. माझ्या निबंधापेक्षा चांगलं होतं, तेही सांगून टाकते.

महिन्यानं सर्टिफिकेट आलं. त्यावर नाव होतं, 'ऑपरेटर भाऊ'.

त्यांचा फॉर्म मीच भरला होता. सारं गाव म्हणतं तेच लिहिलं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

"बदलून मागू, भाऊ."

त्यांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. "राहू दे. लोकायले ओळखू तं येईन."

दोन वर्षांनी मी मुलचेऱ्याहून लेकीकडून परतले, तर घरात तेरवीची, म्हणजे तेराव्याच्या जेवणाची, एक चिठ्ठी येऊन पडली होती. नाव वाचलं. ओळखीचं वाटलं नाही, बाजूला ठेवून दिली.

आठवड्यानं सून म्हणाली, "आई, ऑपरेटरभाऊच्या तेरवीले काऊन नाई गेल्या तुमी?"