कडीकाकांचा फोन नंबर

कडीकाकांना उघडी वस्तू बघवत नसे. नळ, खिडकी, दुसऱ्याच्या डब्याचं झाकण, काहीही. लग्नाच्या पंगतीत लोणचं वाढणाऱ्याच्या हाताखालून त्यांनी बरणी बंद केलेली मी पाहिली आहे. एकदा तर मी ऑफिसच्या आतल्या खोलीत असताना बाहेरून कडी घालून ते खुशाल जेवायला गेले. परतल्यावर माफी नाहीच, वर मलाच म्हणाले, “आत जाताना सांगून जावं माणसानं.”

अलिबागच्या त्या ऑफिसात आम्ही पाच जण किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांसाठी बुकिंगच्या वेबसाइट बनवायचो. काका मुंबईची नोकरी सोडून चौलच्या वाडीत परतलेले. आमच्यात वयानं थोरले आणि कामात सगळ्यात तयार. कोणी बुकिंग केलं की आमचा प्रोग्रॅम डेटाबेसशी कनेक्शन उघडतो, नोंद करतो, आणि मग ते बंद करायचं असतं. मी हटकून विसरायचो.

“वाडीचं फाटक असं उघडं टाकलंस तर गुरं शिरतील,” काका म्हणायचे.

“काका, इथं कुठली आलीत गुरं?”

“तू आहेस की.”

माझी दुसरी खोड याहून वाईट. प्रोग्रॅममध्ये एरर आला की मला लाज वाटायची, म्हणून मी तो गिळून टाकायचो. आत काहीही बिघडो, स्क्रीनवर आपलं ‘धन्यवाद, बुकिंग झाले आहे’. काकांनी दोनदा बजावलं होतं, “एरर लपवू नकोस रे. बिचारा आपल्यालाच सांगायला आलेला असतो.” मी मान डोलावली आणि तसंच ठेवलं.

नाताळच्या सुट्टीत व्हायचं तेच झालं. उघडी कनेक्शनं साठत गेली, डेटाबेस नव्या कुणाला आत घेईना, आणि माझं पान मात्र येईल त्याचे आभार मानत बसलं. सकाळीच रेवदंड्याहून निवासाच्या मालकीणबाईंचा फोन. “दोन रिक्षा भरून माणसं दारात हायत, आन माझ्या वहीत एक पन नाव न्हाय!” नोंदच नसल्यामुळे आणखी किती येणार हे कळायलाही मार्ग नव्हता. आता नोकरी गेली, असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर फोन बंद करून पळून जायचंही मनात आलं होतं.

काकांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट रेवसच्या धक्क्यावर नेऊन उभं केलं. मुंबईहून पाहुण्यांना आणणारी बोट लागत होती. “ओरड,” म्हणाले. “बुकिंग झालेलं नाही, चूक आमची आहे.” मी पुटपुटलो. “मला ऐकू आलं नाही, त्यांना काय येणार?” मग ओरडलो. रिकाम्या पाट्या घेऊन उतरणारी एक कोळीण थबकली. “माजा पन झाला न्हाय का रं?” सगळा धक्का हसला. पण त्या हसण्यातून चार कुटुंबं पुढे आली, आणि त्यांतला कुणीच हसत नव्हता.

त्या चार कुटुंबांना आणि रेवदंड्याच्या मंडळींना काकांनी चौलला स्वतःच्या घरी नेलं. काकूंनी एक अक्षर न विचारता मोठं पातेलं काढलं. तीन दिवस काका ओटीवर झोपले. एका पाहुण्याला सवयीनं न्हाणीघरात कोंडलंही. तेवढी एक तक्रार सोडली तर सगळे खुशीत परतले.

सोमवारी काकांनी एरर आल्यावर दिसणारं ते आभाराचं पान पुसलं आणि नवं लिहिलं. ‘माफ करा. बुकिंग झालेलं नाही. चूक आमची आहे. या नंबरवर फोन करा.’ खाली स्वतःचा नंबर. “चूक सांगणाऱ्या माणसाला नाव-गाव असावं,” एवढंच म्हणाले. माझ्या नोकरीचा विषय कुणी काढलाच नाही.

काका गेल्या वर्षी गेले. अचानक. त्या दिवशी चौलच्या घराचं फाटक सताड उघडं होतं, लोक येत-जात होते, आणि मला ते काही केल्या बघवेना.

महिन्याभरानं वेबसाइट पुन्हा अडकली. त्या पानावर अजून काकांचा नंबर आहे हे आठवलं. घाईघाईनं त्याच नंबरवर फोन लावला. काकूंनी उचलला.

“काकू, कुणाचे फोन आले तर उचलू नका.”

“तीन येऊन गेले,” त्या शांतपणे म्हणाल्या. “सांगितलं मी, बुकिंग झालेलं नाही, चूक आमची आहे.” मग त्यांनीच विचारलं, “काय रे, उघडलेलं बंद केलं होतंस ना?”

“नाही, काकू,” मी म्हणालो. “चूक माझी आहे.”