खोट्या कॅप्टनची हिरवी ब्राउनी

पावसच्या अलीकडे आमची वाडी आहे, आणि तिथे मला तीसेक वर्षं सगळे कॅप्टन म्हणत होते. मी कॅप्टन कधीच नव्हतो. मी बोटीवर कुक होतो. आधी भांडी घासायचो, मग कुकच्या हाताखाली आलो, आणि शेवटची अकरा वर्षं चीफ कुक म्हणून काढली.

खोट्याची सुरुवात माझ्या मामाने केली. माझं लग्न जमवताना तो मुलीकडच्यांना म्हणाला, "पोरगा बोटीवर ऑफिसर हाय." मी तिथेच पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो. मी मान वर केली नाही. वडिलांनी मला आधीच बजावलं होतं की बोटीवर आहे एवढं सांगायचं, पुढचं विचारलं तर विषय बदलायचा. पोरगा परक्यांची उष्टी काढतो हे त्यांना चारचौघांत सांगवत नव्हतं. मग लग्नात मी ऑफिसर झालो, आणि दोन-तीन वर्षांत वाडीने बढती देऊन मला कॅप्टन केलं.

बायकोला पहिल्याच सुट्टीत कळलं. ती तापाने पडली होती म्हणून मी स्वयंपाकघरात शिरलो आणि कांदा चिरायला घेतला. चार कांदे झाले तेव्हा माझं लक्ष गेलं, ती दाराला टेकून बघत होती.

"ऑफिसरांचा हात असा नाय चालत," ती म्हणाली.

मी सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या दादाला कळता नये. त्यानेच हे स्थळ आणलेलं."

तेव्हापासून घरात कोणी आलं की मी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही, असं ठरूनच गेलं. निवृत्त होऊन घरी आलो तरी तेच. पंचवीस माणसांना रोज तीन वेळा जेवू घालणारा मी, स्वतःच्या घरात पडवीत बसून चहाची वाट बघायचो.

गेल्या थंडीत, आंबा मोहोरला होता तेव्हा, शेजारची चौथीतली मुलगी एक कागद घेऊन आली. शाळेत दर महिन्याला गावातलं एक माणूस बोलावून मुलांशी गप्पा ठेवायच्या, असं तिच्या बाईंनी ठरवलं होतं. आधी होडीवाले येऊन गेले, मग कलमं बांधणारे. आता कॅप्टन काका.

"आम्ही प्रश्न काढलेत," ती म्हणाली आणि वाचायला लागली. "बोट चालवताना झोप आली तर काय करतात? दोन बोटी समोरासमोर आल्या तर कोण बाजूला होतं? तुम्ही कधी बोट वळवायला चुकलात का?"

मी हसून कागद घेतला. ती गेल्यावर तो परत वाचला. मोठ्या माणसांना इतकी वर्षं मी सहज टोलवत आलो होतो, कारण ते ऐकायला नाही, स्वतः बोलायला यायचे. पण ही चौतीस मुलं वहीत उत्तरं लिहून घेणार होती. त्यांच्या वहीत मी खोटं लिहवून घ्यायचं?

दोन दिवस मी तो कागद खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी बायको नारळ सोलत बसली होती, तिच्यासमोर जाऊन बसलो.

"मी शाळेत खरं सांगणार आहे," मी म्हणालो. "तुझी हरकत असेल तर आत्ता सांग. मग मी आजारी आहे म्हणून कळवतो."

तिने हातातला नारळ पुरा केला, सोडणं बाजूला टाकली.

"माझा दादा सत्तरीचा झाला," ती म्हणाली. "आता काय तो मला परत घेऊन जाणार हाय? सांगा." मग म्हणाली, "पण रिकाम्या हाताने नका जाऊ. कुक म्हणून जायचं तर काहीतरी करून न्या."

काय करायचं याचा मला विचार करावा लागला नाही. एका बोटीवर आमचा कॅप्टन जपानी होता, कमी बोलणारा, कमी जेवणारा. एकदा सात आठवडे किनारा दिसला नव्हता आणि तो ताट तसंच परत पाठवत होता. त्याच्याकडे हिरव्या चहाची बारीक पूड होती, ती मी मागून घेतली आणि पांढऱ्या चॉकलेटच्या ब्राउनीत घातली. त्या दिवशी तो स्वतः गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, रिकामी बशी घेऊन आला आणि माझ्यापुढे कमरेत वाकला. सगळे खलाशी बघत होते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मान, आणि मी तो घरी कोणाला सांगू शकलो नव्हतो. बायकोलाही नाही.

मुंबईत असणाऱ्या माझ्या मुलीला फोन केला. तिने चहाची पूड पाठवली, पांढरं चॉकलेट आणि लोणी मी रत्नागिरीच्या बाजारातून आणलं, काजू घरचे. ओव्हन मुलीनेच दिवाळीत आणून दिला होता, तो खोक्यातच होता. शाळेच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अंडं चालेल, फक्त तीन मुलं खात नाहीत. त्या तिघांसाठी दही घालून वेगळं करायचं ठरवलं.

शाळेत तीन वाजता जायचं होतं. सकाळी नऊला मी पहिल्यांदा दार उघडं ठेवून स्वयंपाकघरात उभा राहिलो. लोणी आणि चॉकलेट गरम पाण्यावर वितळवलं. अंडी आणि साखर पांढरी होईपर्यंत फेटली. मैदा आणि चहाची पूड तीन वेळा चाळली, कारण ह्या पुडीची गुठळी राहिली तर खाणाऱ्याच्या दाताखाली कडू येते. सगळं एकत्र केलं तेव्हा भांड्यात कोवळ्या भाताच्या रोपासारखा रंग उतरला. बायको वाकून बघत होती.

"गवताचा वास येतोय वो," ती म्हणाली.

"भाजल्यावर बघ."

ओव्हन तापायला लावला होता. पिठाचा ट्रे उचलून मी त्याचं दार उघडलं, आणि आतला लाल दिवा विझला. पंखा थांबला. बाहेर जाऊन विचारलं तर वरच्या वाडीत वाळकी झावळ तारेवर पडली होती, वायर तुटली होती. वायरमन रत्नागिरीहून येणार, म्हणजे संध्याकाळ.

मी ट्रे ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसलो. वादळात सूप उकळवलेला माणूस, पण गॅसच्या शेगडीवर ब्राउनी कशी करायची ते मला सुचेना. खालून करपली असती आणि वर कच्ची राहिली असती. मनात आलं, बरंच झालं. जाऊन दोन शब्द बोलू आणि येऊ. किंवा जायचंच नको.

"उठा," बायको म्हणाली. "धोंडसाला कधी लाईट लागली?"

धोंडस म्हणजे आमच्याकडचा तवशाचा केक. मोठ्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ. जाड बुडाच्या टोपात ओतायचा, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. ती लग्न होऊन आली तेव्हापासून करत होती आणि मी सुट्टीत आलो की खात होतो. तो कसा भाजला जातो हे मी, चीफ कुक, एकदाही उभं राहून बघितलं नव्हतं.

तिने मागच्या अंगणातल्या चुलीत करवंट्या पेटवल्या. मला म्हणाली, "केळीची पानं काढून आणा, फाटकी नकोत." मी आणली. तिने ती निखाऱ्यावर फिरवून मऊ केली आणि दोन टोपांना आतून लावायला लागली.

"पान नको," मी म्हणालो. "चहाचा वास मारेल."

"पान नसलं तर बूड करपेल. मग करपटाचा वास येईल. कुठला पायजे?"

मी ट्रे उचलून आणला. पीठ पानांवर ओतलं, दह्याचं एका छोट्या भांड्यात. मग ती झाकणावर निखारे रचायला लागली तेव्हा मात्र मी तिचा हात धरला.

"एवढे नको. वरून जास्त आच लागली तर हिरवा रंग जातो, तपकिरी होतं. सगळी मजा रंगात आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. चार निखारे चिमट्याने परत चुलीत टाकले. "आता?"

"अजून दोन काढ."

तिने दोन काढले. मी खालचा जाळ मागे ओढला, तिने परत अर्धा पुढे ढकलला. असं आमचं पाऊण तास चाललं. धुराने दोघांचेही डोळे लाल झाले. मी घड्याळ बघत होतो, ती वास घेत होती. माझ्या हिशेबाने अजून सात मिनिटं होती तेव्हा ती म्हणाली, "उतरवा. झालं."

"सात मिनिटं आहेत."

"अहो, वास बदलला. उतरवा."

उतरवलं. झाकण काढलं. वरचा पापुद्रा हलकासा तडकलेला आणि खाली गच्च हिरवा. सुरी घातली तर मधे ओलसर चिकट, जशी हवी तशी. कडेचा एक तुकडा मोडून मी तोंडात टाकला. आधी गोड, मग चहाचा कडवटपणा, आणि सगळ्यात शेवटी भाजलेल्या केळीच्या पानाचा वास. इतक्या वर्षांत इतक्या ओव्हनांमधून मी ब्राउनी काढल्या, अशी एकही निघाली नव्हती. मी दुसरा तुकडा तिला भरवला.

ती सावकाश चघळत राहिली. "कडू हाय," म्हणाली. मग म्हणाली, "अजून द्या."

तेव्हा चुलीपाशी उभ्या उभ्याच मी तिला त्या जपानी कॅप्टनची गोष्ट सांगितली.

तीन वाजता आम्ही दोघं डबे घेऊन शाळेत गेलो. मुलं सतरंजीवर बसली होती. शाळा समितीचे अध्यक्ष, म्हणजे आमचे जुने शेजारी भातगिरणीवाले, पुढच्या खुर्चीत होते. बाईंनी ओळख करून दिली, "आपल्या गावाचे कॅप्टन." टाळ्या झाल्या. मी उठलो.

"मुलांनो, पहिली दुरुस्ती," मी म्हणालो. "मी कॅप्टन नाही. कॅप्टन दुसरा असायचा. तो बोट चालवायचा आणि मी त्याला जेवायला घालायचो. मी बोटीवर कुक होतो. बत्तीस वर्षं मी हे तुमच्या आईवडिलांपासून लपवलं, कारण मला लाज वाटत होती. ते माझं चुकलं."

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे? एवढी वर्षं आम्ही काय..." एवढं म्हणून ते थांबले.

"माफी मागतो तुमची," मी त्यांना म्हणालो.

मग शेजारची ती मुलगी, हातात प्रश्नांचा कागद घेऊन, उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. तिने कागद दुमडला आणि विचारलं, "मग वादळात बोट हलते तेव्हा आमटी सांडत नाही?"

"सांडते ना!" मी म्हणालो. "म्हणून शेगडीला लोखंडी कठडे असतात. टोप त्यात अडकवायचा आणि अर्धाच भरायचा."

त्यानंतर हात खाली जाईनात. भाजी किती दिवस टिकते? मासे बोटीवरून पकडता का? सगळे वेगवेगळ्या देशांचे, मग भांडण होत नाही? मीठ संपलं तर समुद्राचं पाणी घालता का? मी उत्तरं देत होतो आणि ती वह्यांमध्ये उतरत होती. एकाही प्रश्नाला मला थांबावं लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा गावात बसून मी माझ्या कामाबद्दल बोलत होतो, आणि माझा आवाज आपोआप मोठा होत गेला.

डबे उघडले तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "ई, शेवाळ!" सगळे हसले. पहिल्या रांगेतल्या मुलाने नाक मुरडत एक घास घेतला. तोंड वाकडं केलं, थांबला, आणि उरलेला तुकडा एकदम तोंडात कोंबून हात पुढे केला. मग मात्र बाईंना रांग लावावी लागली. दह्यातली ब्राउनी खाणारी तीन मुलं इतकी ऐटीत होती की बाकीच्यांतल्या दोघांनी आपली अंड्यातली त्यांच्याशी बदलायला मागितली. आम्ही बदलू दिली नाही.

"कुठल्या ओव्हनमध्ये केलीत?" बाईंनी विचारलं.

"ओव्हन कुठला? लाईट नव्हती," मी म्हणालो आणि बायकोला पुढे बोलावलं. "पीठ माझं. भाजणं हिचं. ही नसती तर मी आज आलोच नसतो." ती पदराने तोंड पुसत उभी राहिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मला वाजवल्या होत्या त्याहून जोरात. अध्यक्ष उठून आले. मला वाटलं आता ऐकवणार. त्यांनी डब्यात हात घातला, दुसरा तुकडा घेतला आणि खात खात म्हणाले, "माझ्या नातवाचं बारसं आहे पुढच्या महिन्यात. तेव्हा तुम्ही दोघं मोकळे आहात का?"

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. आम्ही पायऱ्या चढत होतो तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिचा दादा. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती फोन घेऊन आत गेली नाही. अंगणातच उभी राहून, शेजारच्या दोन्ही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"हो दादा, खरंच. कुक. चीफ कुक होते ते. मला? मला पहिल्या वर्षापासून माहीत हाय." पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रागव नंतर. रविवारी जेवायला ये. वहिनीला पण आण. हेच करणार सगळं, मी हात लावणार नाय."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "येतोय," म्हणाली. "काय कराल?"

"सुरमई भाजतो."

"नाय," ती म्हणाली. "त्याला पापलेट आवडतं."