अप्पांनी भरलेला अर्ज

हमाल संघटनेचा अर्ज मी मालकाकडूनच भरून घेतला होता. लातूरच्या आडत बाजारात ही गोष्ट निघाली की लोक अजून हसतात. मी पण हसतो, पण त्यात हसण्यासारखं नेमकं काय आहे ते मला उमगलेलं नाही.

मी नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. लातुरात ओळखीचं कुणी नव्हतं. अप्पांनी आपल्या आडतीवर हमालीला ठेवून घेतलं, दुकानामागची खोली दिली. डेंग्यू झाला तेव्हा स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. आठ दिवस त्यांच्या घरून मऊ भात येत होता. आधारवरचा पत्ता, बँकेचं खातं, माझे सगळे कागद त्यांनीच भरले. कागद म्हटला की माझ्या हाताला घाम सुटतो. म्हणून आमच्या हमालांच्या टोळीच्या मुकादमानं अर्ज हातात दिला, तसा मी सरळ अप्पांकडं गेलो.

अप्पांनी चष्मा लावून अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. "बस," म्हणाले, आणि सावकाश, वळणदार अक्षरात भरून दिला. मी पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं सोयाबीनच्या कट्ट्यांच्या थप्पीला टेकून तो मोठ्यानं वाचला. "कामाचा प्रकार, घरकाम. काय ओ नांदेड, अप्पाच्या घरी भांडी घासून राहिलास का?"

माझ्या बोलण्याची नक्कल झाली की टोळी हसायचीच.

"कुणी भरलं हे?"

"अप्पांनी."

"म्हणजे कोल्ह्याकडूनच खुराड्याची कडी लावून घेतली," एक म्हातारा हमाल म्हणाला.

मुकादम मात्र हसला नाही. "घरकाम लिवलं तर हमालीचा बिल्ला मिळत न्हाई, बाबा. उद्या थप्पी अंगावर आली, पाय मोडला, तर अप्पा येतील बघायला. माणूस चांगला हाय, येतीलच. चार दिवस येतील. पाय सहा महिने प्लास्टरमधी ऱ्हायला तर? बिल्ला असला की मालकाला मंडळात पैसे भरावे लागत्यात, त्यातनं भरपाई मिळती. कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत न्हाई."

त्यानं थप्पीवर थाप मारली.

"आन हा कट्टा पन्नास किलोचा हाय न्हवं? ह्या म्हाताऱ्याच्या पाठीवर शंभराचं पोतं असायचं. कुणा मालकानं माया करून कमी केलं न्हाई ते. भांडून कमी झालं."

त्यानं कोरा अर्ज पुढं केला. "आता तुझ्या हातानं लिही."

पेन धरून मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. अप्पांच्या घरची भाजी मी आणतो, त्यांच्या नातीला शाळेत सोडतो, हे खरंच होतं. कुणी सांगितलेलं नव्हतं, मनानंच करायचो. तू आमच्या घरचाच, असं तर त्यांना म्हणायचं नसेल? पण माझ्या आधीच्या एकाही कागदात त्यांची चूक झाली नव्हती. मग हीच कशी झाली? चूक म्हणावं, की माया, की आणखी काही? डेंग्यूतला मऊ भात आठवला की हात अडायचा, आणि म्हाताऱ्याच्या वाकलेल्या मानेकडं बघितलं की पेन पुढं सरकायचं.

शेवटी 'हमाली' लिहिलं. अक्षरं ओळ सोडून खाली उतरली.

न सांगता राहवेना. जेवणाआधीच अप्पांपुढं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "अप्पा, मी दुसरा अर्ज भरला. हमाली लिहिलं."

त्यांनी गल्ल्यावरून मान वर केली नाही. "लिहिता येतं की तुला. मग माझ्याकडं कशाला आणला होतास?"

रागानं म्हणाले की वाईट वाटून, ते आवाजावरून कळेना. खोली सोड असं ते म्हणाले नाहीत, राहा असंही म्हणाले नाहीत. मलाही विचारायचा धीर झाला नाही.

बिल्ला मिळाला. शर्टाला लावतो, पण नातीला शाळेत सोडायला जाताना तो खिशात ठेवतो, का ते सांगता येत नाही. खोलीही तीच आहे. फक्त कपड्यांची पिशवी मी खुंटीवरून काढून, भरून, दाराजवळ ठेवलीय.